अ. पा. क.

हेब्बाळहून मध्यंतरी एका भगिनीचे पत्र आले. बंगळूरच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे उपनगर आहे. तेथे त्या आपल्या आठ वर्षांच्या मुलीसह राहतात. माहेर अकोला जिल्ह्यातले, लग्नही तिकडेच झाले. संसार बंगळुरात झाला आणि तेथेच तीन वर्षांपूर्वी थांबला. पती पुण्यास निघून गेले. घटस्फोट झालेला नाही, कोणी मागितलेलाही नाही. या तीन वर्षांत मुलीसाठी त्यांचा एक रुपया आला नाही आणि फोनही क्वचितच आला, असे त्या लिहितात.

पत्राचे कारण मात्र वेगळे होते. मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या आजोबांनी, म्हणजे या भगिनींच्या वडिलांनी, आपली चार एकर जमीन बक्षीसपत्राने नातीच्या नावे केली. त्या जमिनीतील एक पट्टी आता रस्त्याच्या रुंदीकरणात गेली असून मोबदल्याची रक्कम यावयाची आहे. कार्यालयात चौकशी केली तेव्हा त्यांच्यापुढे सातबारा ठेवण्यात आला. त्यावर मुलीच्या नावामागे तीन अक्षरे होती, 'अ. पा. क.', आणि त्यापुढे वडिलांचे नाव. ''जमीन माझ्या वडिलांची, मुलगी माझ्याजवळ, तिच्या शाळेची फी मी भरते. मग सही त्यांचीच का?'' असा त्यांचा प्रश्न होता. त्याखाली आणखी एक प्रश्न होता: हे सारे भांडण आता कोठे करावयाचे, बंगळुरात, पुण्यात की अकोल्यात?

महसूल खात्यात ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला ही तीन अक्षरे चांगली परिचयाची असतात. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार अठरा वर्षांच्या आतील असला, की तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार नोंदविताना हा शेरा लिहितात. वडील हयात असतील तर त्यांचे नाव लिहावयाचे, ही रीत. मुलगी कोणाकडे राहते हे त्या रकान्यात कोणी विचारीत नाही. भूसंपादनाच्या फायलींवर मीही असे कितीतरी शेरे पाहिले आणि पुढे सरकविले. त्यामागे काय इतिहास आहे हा विचार तेव्हा मनात आला नाही, हे कबूल केले पाहिजे.

शब्दच पाहा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला मराठी कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात. व्यवहार कळत नाही म्हणून अज्ञान. आणि व्यवहार म्हणजे मालमत्तेचा व्यवहार. मुलाला आईबापांपैकी कोण जवळ हवे हे त्याला पुष्कळदा अगदी लहान वयात कळते. पण त्या ज्ञानाची कायद्याला गरज नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाचे एक कर्तव्य सांगितले आहे, ते बालकाच्या वारशाचे तो गुरुगृहाहून परतेपर्यंत किंवा वयात येईपर्यंत रक्षण करण्याचे. तेथेही चिंता आहे ती धनाची.

इंग्रजी अमदानीत हीच चिंता कार्यालयीन रूपात आली. मुंबई इलाख्यासाठी १८६४ मध्ये अज्ञानांचा एक कायदा झाला. त्याच्या नावात अज्ञानांचे शरीर आणि त्यांची मालमत्ता अशा दोन्हींचा उल्लेख होता, परंतु त्याचा खरा उपयोग वतनदार, इनामदार आणि सावकार यांच्या वारसांची मिळकत सांभाळण्यासाठी होत असे. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम सर्व देशासाठी आला. तो आजही लागू आहे. मुंबईचा कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा कायदा १९०५ चा. कर्ता पुरुष गेला, वारस लहान राहिला, तर इस्टेट सरकारच्या देखरेखीखाली घ्यावयाची, महसूल बुडू द्यावयाचा नाही, आणि वारसाला शिक्षण देऊन एके दिवशी कुलपे त्याच्या हाती द्यावयाची, अशी ती व्यवस्था. प्रशासन म्हणून ती वाईट नव्हती. पण पालकत्वाचा आपला कायदा या खोलीत जन्मला, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आईचे स्थान या खोलीत कोठे होते, हे १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात दिसते. सुधारणेचा म्हणून गाजलेला हा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. आणि तिसऱ्या कलमाने, पतीने मृत्युपत्रात कोणाला पालक नेमले नसेल तर, त्याच्या आईवडिलांना, आजाआजीला किंवा इतर पुरुष नातेवाइकांना न्यायालयात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक मागता येई. पुनर्विवाहाची वाट उघडली, पण त्या वाटेवर मुलाचा हात सुटण्याची शक्यता लिहून ठेवली. डॉ. रखमाबाईंची आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी आपल्या पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावे करून दिली होती. रखमाबाईंचा पुढचा खटला सर्वांना ठाऊक असतो. आईने आधी केलेली ही तजवीज फारशी सांगितली जात नाही. मला तर त्या बाईंचे व्यवहारज्ञान त्या काळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांपेक्षा अधिक वाटते.

घटस्फोटाचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. आपल्याकडील बहुसंख्य जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी आणि पाट या रीती पूर्वापार होत्या. एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह केला आणि जो १८२७ मध्ये छापला गेला, त्यात त्यांची नोंद आहे. घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे असे जे अजूनही सभांतून ऐकू येते, ते मूठभर उच्चवर्णीय घरांपुरतेच खरे आहे. लेखी कायदा प्रथम संस्थानांत झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीचा कायदा केला, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. गोव्यात पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने १९१० मध्ये काढलेला घटस्फोटाचा हुकूमनामा लागू झाला होता. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा आणि हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा.

येथे एक गोष्ट सहज नोंदवाविशी वाटते. शाहू आणि सयाजीराव हे दोघेही दत्तक गेलेले. सयाजीराव १८७५ मध्ये कवळाण्याहून बडोद्यास आले आणि १८८१ पर्यंत त्यांच्या अज्ञानपणी राज्य दिवाण टी. माधवराव यांनी चालविले; शाहू १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आले आणि १८९४ मध्ये त्यांच्या हाती कारभार आला. दोघांचेही बालपण एका मिळकतीच्या हितासाठी घरापासून दूर, शिक्षक आणि अधिकारी यांच्या देखरेखीखाली गेले. त्यामुळे त्यांनी हे कायदे केले असे म्हणण्यास काही आधार नाही. तरीही ही जोडी माझ्या मनातून जात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९५६ मध्ये हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आला. त्याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण हे सांगितले आहे: वडील, आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे त्यास जोडले आहे. तेराव्या कलमात मुलाचे हित सर्वोपरी मानावे असे म्हटले आहे. म्हणजे मूल सांभाळावयाचे आईने, आणि सही वडिलांची. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. ते येते बँकेच्या खिडकीवर किंवा माझ्यासारख्याच्या टेबलापुढे. हेब्बाळच्या भगिनींनाही ते तेथेच कळले.

'त्यांच्यानंतर' या एका शब्दाचा अर्थ काय? सरळ अर्थ घेतला तर, वडील वारल्यानंतर. या अर्थाला पहिला मोठा धक्का बसला तो विदर्भातील एका शेतजमिनीच्या प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाचा 'जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान' हा १९७० चा निकाल कूळकायद्याखालील आहे, आणि त्यामुळे कुटुंबकायद्याच्या पुस्तकांत तो थोडा आगंतुकासारखा दिसतो. जमीन अज्ञान मुलीच्या नावे होती. आईवडिलांचे बिनसून ते वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ. १९५१ पासून आई ती जमीन दरवर्षी कुळाला लावीत होती. आधी तोंडी, आणि १९५६-५७ साली लेखी पट्टा झाला. पुढे वाद निघाला तेव्हा प्रश्न आला, की वडील जिवंत असताना आईने दिलेला पट्टा कायदेशीर कसा? न्यायालयाने सांगितले, की वडील हयात आहेत हे खरे, पण मुलीच्या बाबतीत त्यांचे असणे नसल्यासारखेच होते. अशा परिस्थितीत आईला नैसर्गिक पालक मानता येईल आणि तिने केलेला पट्टा मुलीवर बंधनकारक राहील.

या निकालातील जी गोष्ट मला मोठी वाटते ती ही, की त्या आईने कोठेही हक्क मागितला नव्हता. तिने वर्षामागून वर्ष जमीन लावली, खंड घेतला, मुलगी वाढविली. कायदा तिच्या मागून वीस वर्षांनी आला आणि तिने जे केले होते त्याला नाव देऊन गेला.

त्यानंतर एकोणतीस वर्षे गेली. लेखिका गीता हरिहरन यांनी डिसेंबर १९८४ मध्ये पतीच्या संमतीने, मुलाच्या नावे, रिझर्व्ह बँकेच्या ९ टक्क्यांच्या रोख्यांसाठी २०,००० रुपयांचा अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, नाही तर सक्षम अधिकाऱ्याचा पालकत्वाचा दाखला आणा. येथे नवराबायकोत भांडण नव्हते, हे विशेष. त्यांच्या याचिकेबरोबरच वंदना शिवा यांची याचिका होती, आणि तेथे मात्र घटस्फोटाचा दावा चालू असून मुलाच्या ताब्याचा वाद होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केले नाही. 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा घ्यावा, आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ मृत्यू नव्हे, वडील मुलाविषयी पूर्ण उदासीन असतील, उभयतांनी तसे ठरविले असेल, किंवा वडील दूर असल्यामुळे वा आजारामुळे काळजी घेऊ शकत नसतील तरी ती अनुपस्थितीच, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाला आधार होता तो विदर्भातल्या त्या जमिनीच्या निकालाचा.

अर्थ बदलला, अक्षरे तीच राहिली. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील दोघांनाही समान नैसर्गिक पालक माना अशी शिफारस केली. सहावे कलम अजून जसेच्या तसे आहे. १८९० च्या कायद्यातील एकोणिसाव्या कलमात, जेथे फक्त वडिलांचा उल्लेख होता, तेथे आईचे नाव आले ते २०१० मध्ये. रकाने मात्र हळूहळू बदलत आहेत. पारपत्राच्या अर्जात आईवडिलांपैकी एकाचेच नाव चालेल असे डिसेंबर २०१६ मध्ये ठरले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले. कायद्याचे पुस्तक संसदेत बदलते. पण त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचतो तो छापील अर्जातून. म्हणून अशा निर्णयांना मी लहान मानीत नाही.

पोटगीविषयी थोडे. अगतिक बायकामुले रस्त्यावर येऊ नयेत, एवढ्याच हेतूने ही तरतूद फौजदारी प्रक्रियेत घातली गेली होती. १८९८ च्या संहितेत ती ४८८ व्या कलमात होती, १९७३ च्या संहितेत १२५ व्या कलमात आली आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. रकमेवर मर्यादा असे. १९५५ मध्ये ती महिन्याला ५०० रुपये झाली, आणि केंद्रीय कायद्यातून ती काढली गेली २००१ मध्ये. शेहेचाळीस वर्षे! सरकारी नोकराचा महागाई भत्ता या काळात किती वेळा वाढला हे मोजण्याचे धैर्य मला नाही. आज अडचण मर्यादेची नाही, वेळेची आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या 'राजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात अंतरिम पोटगीचा अर्ज २०१३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. मूल तोपर्यंत पाळण्यातून शाळेत गेले होते. या निकालाने दोन गोष्टी घालून दिल्या: दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र प्रथमच द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी. घर सोडून परप्रांतात राहणाऱ्यांना यातील पहिली गोष्ट फार उपयोगाची आहे. दुसऱ्या शहरातील पतीचा पगार शोधून काढणे एकट्या स्त्रीला अशक्यप्राय असते. आता तो सांगण्याचा भार त्याच्यावर आहे.

राहिला प्रश्न 'कोठे' हा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना तो सर्वांत अधिक छळतो, आणि बहुतेकांचा समज असा असतो, की मराठी कुटुंब म्हणजे महाराष्ट्रातील न्यायालय. तसे नाही. मुलाच्या ताब्याचा व पालकत्वाचा अर्ज १८९० च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे मूल जेथे सामान्यतः राहते तेथे करावयाचा असतो. या भगिनींची मुलगी हेब्बाळात राहते, तेथील शाळेत जाते. तेव्हा तिच्याविषयीचा अर्ज बंगळूरच्या कुटुंब न्यायालयात. ज्या इंग्रजी अधिकाऱ्यांनी हे कलम लिहिले त्यांच्यापुढे इस्टेट होती, पण या एका कलमात त्यांनी मुलाचा पत्ता विचारला. पोटगीही त्या जेथे राहतात तेथे मागता येते. घटस्फोटाचे नियम थोडे निराळे आहेत: विवाह जेथे झाला, उभयता शेवटी एकत्र जेथे राहिले, किंवा प्रतिवादी जेथे राहतो, तेथे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तेथेही. म्हणजे लग्न अकोल्याचे आणि संसार बंगळूरचा असल्याने, केवळ स्वतः पुण्यात राहतो म्हणून पतीला पुण्यात दावा लावता येणार नाही. उलट उरलेली जमीन पुढे विकावयाची झाली तर नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते, आणि ती जमीन जेथे आहे तेथील, म्हणजे अकोल्याच्या, न्यायालयातून. एका मुलीसाठी दोन राज्यांतील दोन न्यायालये; एक तिच्यासाठी, एक तिच्या जमिनीसाठी. सातबारा मराठीत आणि बंगळूरचे काम कन्नड वा इंग्रजीत, त्यामुळे प्रमाणित भाषांतरे आधीच करून ठेवावीत, हा आणखी एक घरगुती सल्ला.

परदेशातील वाचकांनी एवढेच लक्षात घ्यावे, की मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेल्यास ते परत पाठविण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश येथे आपोआप अमलात येत नाही, येथील न्यायालय मुलाचे हित पाहून निर्णय देते.

कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ मधील एक निकालही मी त्यांना कळविला. त्यात मुलाचा ताबा दोघांकडे वाटून दिला होता: १ जानेवारी ते ३० जून वडिलांकडे, १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे; शिक्षणाचा खर्च निम्मानिम्मा; आणि मूल ज्याच्याकडे नसेल त्याला शनिवार-रविवारी भेट व फोनवर बोलणे. संयुक्त ताब्याचे उदाहरण म्हणून विधी आयोगाने त्याची दखल घेतली. मला त्या निकालाचे कौतुकही वाटते आणि धास्तीही. दोन्ही घरे एकाच शहरात, शाळेच्या टप्प्यात असतील तरच असे जमते. हेब्बाळ आणि पुणे यांच्यामध्ये सहा महिन्यांची शाळा कशी वाटणार? आणि ज्या वडिलांनी तीन वर्षे विचारपूस केली नाही, त्यांनी उद्या अर्ध्या वर्षाचा ताबा मागितला तर तो मुलीसाठी की मोबदल्यासाठी, हे ठरविणाऱ्या न्यायाधीशाचे काम सोपे नाही. मुलाला समज आली असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते, असे १८९० च्या कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. आठ वर्षांच्या मुलीला न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून विचारू शकतात. तिने काय सांगावे हे मात्र तिला कोणी शिकवून पाठवू नये. ते लगेच ओळखू येते.

मोबदल्याविषयी मी त्यांना असे लिहिले. भूसंपादन अधिकाऱ्याकडे आजच लेखी हरकत द्या, की अज्ञान खातेदाराच्या पालकत्वाचा प्रश्न आहे, रक्कम कोणासही परस्पर देऊ नये. सोबत शाळेचा दाखला, फीच्या पावत्या, बक्षीसपत्राची प्रत आणि १९९९ च्या निकालाची प्रत जोडा. शेरा बदलण्याचा आग्रह तेथे धरू नका. वडील उदासीन आहेत की नाहीत हे ठरविणे महसुली अधिकाऱ्याच्या अधिकारात नाही, आणि जो ते ठरवू जाईल तो तुम्हालाच अडचणीत आणील. ते न्यायालयाकडून ठरवून घ्या, आदेश आल्यावर फेरफार आपोआप होईल. मोबदला मुलीच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची विनंती अर्जातच करा. पैशाला हात लावण्याचा तुमचा हेतू नाही, हे त्यामुळे कागदावर राहील. आणि पतीला एक साधे पत्र पाठवा, भांडणाचे नव्हे, की मुलीसाठी अमुक अर्ज करीत आहे, तुमची संमती असल्यास कळवा. संमती आली तर १९९९ च्या निकालाप्रमाणे तेवढ्यानेही काम होण्यासारखे आहे. न आली तर ते मौनही न्यायालयापुढे ठेवता येईल.

त्यांचे उत्तर आठ दिवसांनी आले. अर्ज दिला होता. पतीला पत्र पाठविले होते, पोचपावती आली होती, उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी विचारले होते, की हा शेरा सातबाऱ्यावरून जातो तरी कधी? मी कळविले, की मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तिने स्वतः जन्माच्या दाखल्यासह अर्ज केला, की अ. पा. क. शेरा कमी होतो आणि पुढे तिचे एकटीचे नाव राहते. पूर्वी न्यायालयाने पालक नेमला असल्यास एकवीस वर्षे थांबावे लागे. १९९९ च्या दुरुस्तीने तेही अठरा झाले. म्हणजे अजून दहा वर्षे.